मॉरिशसला जाणाऱ्या मराठी प्रवाशांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

महाराष्ट्रातून मॉरिशसला जाणाऱ्यांत नवविवाहित जोडपी बरीच असतात आणि त्यांच्या सहलीचा आराखडा बहुतेक वेळा हॉटेल, समुद्र आणि नौकाविहार एवढ्यावर संपतो. त्या आनंदात गैर काहीच नाही. परंतु कोकणातून आणि देशावरून गेलेल्या मजुरांचे वंशज ज्या देशात आजही घरोघरी गणपती बसवतात, त्या देशात मराठी माणसाने आठ दिवस राहावे आणि त्यांच्यापैकी एकाचीही गाठ न घेता परत यावे, याची मला मनापासून खंत वाटते. त्यामुळे पुढील उत्तरांत प्रवासाची व्यावहारिक माहिती आहेच, पण अधिक जागा तेथील माणसांना आणि त्यांच्या रोजच्या जगण्याला दिली आहे.

मॉरिशस नेमके कोठे आहे आणि केवढे आहे?

आफ्रिकेच्या आग्नेय किनाऱ्यापासून सुमारे 2,000 किलोमीटर अंतरावर, हिंदी महासागरात, मादागास्करच्या पूर्वेला हा ज्वालामुखीतून तयार झालेला देश आहे. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे 1,865 चौरस किलोमीटर आहे. रॉड्रिग्ज, अगालेगा आणि इतर लहान बेटे धरून ते 2,040 चौरस किलोमीटरच्या आसपास जाते. लोकसंख्या साडेबारा लाखांच्या घरात आहे, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या शहराहूनही कमी. राजधानी पोर्ट लुई वायव्य किनाऱ्यावर आहे आणि विमानतळ आग्नेय टोकाला, माएबूर या जुन्या गावाजवळ आहे. ही गोष्ट हॉटेल ठरवतानाच लक्षात घ्यावी, कारण उत्तरेकडे राहणाऱ्यांना उतरल्यावर जवळजवळ संपूर्ण बेट पार करावे लागते.

भारतीय नागरिकांना व्हिसा लागतो का?

पर्यटनासाठी जाणाऱ्या भारतीयांना विमानतळावर उतरल्यानंतर प्रवेशपरवाना विनाशुल्क मिळतो. परतीचे तिकीट, राहण्याच्या जागेचे आरक्षण आणि खर्चापुरते पैसे असल्याचा पुरावा जवळ ठेवावा लागतो आणि निघण्यापूर्वी एक ऑनलाइन अर्ज भरावा लागतो. नियम बदलू शकतात, त्यामुळे तिकीट काढताना ते पुन्हा पाहून घ्यावेत. मुंबईहून थेट विमानाने साधारण सहा ते साडेसहा तास लागतात. तेथील घड्याळ आपल्यापेक्षा दीड तास मागे असते.

कोणत्या महिन्यांत जाणे चांगले?

हा देश दक्षिण गोलार्धात असल्यामुळे ऋतूंचा क्रम आपल्या उलट आहे. नोव्हेंबर ते एप्रिल हा उन्हाळा असतो. तो दमट असतो आणि याच काळात चक्रीवादळे येऊ शकतात. मे ते ऑक्टोबर हा कोरडा आणि सौम्य थंडीचा काळ असतो. मधल्या पठारावरील क्युरपीप किंवा वाक्वा या गावी जुलैत गेल्यास स्वेटर लागतो, आणि त्याच वेळी किनाऱ्यावर स्वच्छ ऊन पडलेले असते. लोकजीवन पाहायचे असेल तर मात्र हवामानापेक्षा सणांच्या तारखा पाहून जावे. महाशिवरात्र किंवा गणेश चतुर्थी ध्यानात ठेवून तारखा ठरवल्यास जे पाहायला मिळते, ते एरवीच्या सहलीत मिळत नाही.

तेथे कोणती भाषा बोलतात? हिंदी किंवा मराठीवर निभावते का?

घरात, बाजारात आणि बसमध्ये क्रेओल ही भाषा चालते. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः फ्रेंचमधून आलेला असला तरी वसाहतकाळात एकत्र आणलेल्या निरनिराळ्या मुलखांतील माणसांनी ती आपापसांत घडवली आहे. वर्तमानपत्रे बहुतांशी फ्रेंचमध्ये निघतात, संसदेचे आणि कचेऱ्यांचे कामकाज इंग्रजीत होते, आणि नोटांवर इंग्रजीबरोबर तमिळ आणि हिंदीही दिसते. सामान्य मॉरिशियन माणूस दिवसाकाठी तीन भाषांमधून सहज ये-जा करतो आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. हिंदी समजणारे पुष्कळ भेटतात, भोजपुरी जाणणारी वडीलधारी माणसे खेड्यांत आहेत. पण समोरचा माणूस भारतीय वंशाचा दिसतो म्हणून थेट हिंदीत सुरुवात करू नये. तो तमिळ किंवा तेलुगू कुटुंबातला असू शकतो, आणि तो प्रथम मॉरिशियन असतो. "बोंझूर" म्हणून सुरुवात करावी, "की मान्येर?" म्हणजे "कसे आहात?" असे विचारावे, आणि "मेर्सी" म्हणून आभार मानावेत. बाजारात "कोंब्ये सा?" म्हणजे "हे केवढ्याला?" एवढे विचारता आले तरी भाजीवालीचा चेहरा खुलतो.

मराठी माणसे तेथे कशी पोचली?

मॉरिशसवर मूळचे रहिवासी नव्हते. डच 1598 मध्ये आले आणि 1710 मध्ये निघून गेले. 1715 पासून फ्रेंचांचा अंमल सुरू झाला. 1810 मध्ये इंग्रजांनी बेट जिंकले. फ्रेंचांच्या काळात आफ्रिका आणि मादागास्करमधून धरून आणलेल्या गुलामांच्या श्रमावर उसाची शेती वाढली. 1 फेब्रुवारी 1835 रोजी गुलामगिरी संपली, तेव्हा मळेवाल्यांना स्वस्त मजूर हवे होते आणि ते भारतातून आणण्याची व्यवस्था 1834 मध्येच सुरू झाली होती. पाच वर्षांच्या करारावर, दरमहा सुमारे 5 रुपये मजुरीवर, कलकत्ता, मद्रास आणि मुंबई या तीन बंदरांतून माणसे जहाजांवर चढवली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत असे सुमारे साडेचार लाख लोक या बेटावर उतरले आणि त्यांतील बहुसंख्य कधीच परतले नाहीत.

मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी आणि आजचा सिंधुदुर्ग, तसेच सातारा, कोल्हापूर या भागांतील माणसे होती. कलकत्त्याहून गेलेल्या बिहारी मजुरांच्या तुलनेत त्यांची संख्या थोडी होती. जे गेले, ते साहसासाठी गेले नव्हते. दुष्काळ, कर्ज, जमिनीचा अभाव आणि दलालांची आमिषे या सगळ्यांनी त्यांना जहाजापर्यंत नेले. मळ्यावरचे नियम कठोर होते. एक दिवस कामावर न आलेल्याची दोन दिवसांची मजुरी कापली जाई, आणि करार संपलेल्या जुन्या मजुरालाही परवान्याशिवाय फिरता येत नसे. हा जाच इतका वाढला की 1871 मध्ये आदोल्फ द प्लेविट्झ या युरोपीय जमीनदाराने मजुरांच्या वतीने हजारो सह्यांचा अर्ज सादर केला, आणि त्यानंतर चौकशीसाठी शाही आयोग नेमावा लागला. आज उसाच्या शेतांमधून जाताना काळ्या दगडांचे मनोऱ्यासारखे उंच ढीग दिसतात. शेत नांगरता यावे म्हणून ज्वालामुखीचे ते दगड मजुरांनी हातांनी वेचून रचले आहेत. छायाचित्र घेण्यापूर्वी क्षणभर थांबून ते नीट पाहावेत, एवढीच विनंती.

आप्रवासी घाटावर पाहण्यासारखे काय आहे?

भव्यतेची अपेक्षा ठेवून गेल्यास निराशा होईल. पोर्ट लुईच्या बंदराशेजारी 1849 मध्ये बांधलेल्या आगमन केंद्राचा थोडाच भाग उरला आहे: दगडी भिंती, दवाखान्याची खोली, आणि पाण्याच्या बाजूने वर येणाऱ्या 16 पायऱ्या. हे केंद्र झाल्यानंतर जहाजांतून उतरलेले मजूर याच पायऱ्यांनी बेटावर आले. युनेस्कोने 2006 मध्ये या जागेचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. दरवर्षी 2 नोव्हेंबरला मजुरांच्या आगमनाची सार्वजनिक सुट्टी असते आणि येथे त्यांना आदरांजली वाहिली जाते. नैऋत्य टोकाचा ल मोर्न हा डोंगर पळून आलेल्या गुलामांचे आश्रयस्थान होता आणि तोही 2008 पासून त्याच यादीत आहे. ही दोन्ही ठिकाणे एकाच सहलीत पाहावीत, कारण एकाशिवाय दुसऱ्याची गोष्ट अर्धी राहते.

तेथील मराठी कुटुंबांची आडनावे ओळखीची का वाटत नाहीत?

नोंदणी करणाऱ्या कारकुनाला आडनाव, वडिलांचे नाव आणि स्वतःचे नाव यांतला फरक माहीत नव्हता. मजुराने जे सांगितले, ते त्याने आपल्या कानाला जसे वाटले तसे लिहिले आणि पुढे तेच कुटुंबाचे नाव झाले. त्यामुळे आज भिवाजी किंवा सखाराम ही तेथे आडनावे आहेत. मूळचे आडनाव आणि अनेकदा मूळ गावही विस्मरणात गेले आहे. "तुमचे खरे आडनाव काय?" असा प्रश्न आपल्याकडचे पर्यटक सहज विचारतात. तो विचारू नये. त्यांचे आडनाव तेच खरे आहे. सहा पिढ्यांनी ते सन्मानाने वागवले आहे.

ते आजही मराठी बोलतात का?

घरातील रोजची भाषा म्हणून मराठी जवळजवळ उरलेली नाही; ती जागा क्रेओलने घेतली आहे. मात्र मराठी तेथील शाळांमध्ये ऐच्छिक विषय म्हणून शिकवली जाते, मोका येथील महात्मा गांधी संस्थेत तिचे उच्च शिक्षण मिळते, राष्ट्रीय दूरचित्रवाणीवर मराठी कार्यक्रम होतात, आणि भाषेच्या प्रसारासाठी कायद्याने स्थापन झालेली मराठी स्पीकिंग युनियन ही संस्था काम करते. मॉरिशस मराठी मंडळी फेडरेशन गावोगावच्या मंडळांना एकत्र ठेवते.

या विषयात माझे मत स्पष्ट आहे. जी भाषा पोटापाण्यासाठी लागत नाही, जिच्यावाचून तेथे कोणाचेही अडत नाही, ती भाषा एखादा मुलगा हौसेने शिकतो आणि पाहुण्यासमोर चार वाक्ये जुळवून बोलतो, तेव्हा त्याचे लिंग-वचन सुधारण्याची घाई करू नये. त्याच्याशी सावकाश, सोप्या वाक्यांत बोलावे आणि उत्तरासाठी त्याला वेळ द्यावा. पुस्तके न्यायची असतील तर मुलांच्या गोष्टींची, मोठ्या अक्षरातली न्यावीत. भाषेपेक्षा कितीतरी अधिक टिकली आहे ती गाणी आणि नाच यांची परंपरा. कोकणातली जाखडी तेथे अजून नाचली जाते, गोंधळ घातला जातो, आणि आपल्याकडे शहरी घरांतून नाहीशी झालेली काही वळणे त्या गाण्यांत ऐकू येतात.

तेथील गणेशोत्सव कसा असतो?

गणेश चतुर्थीची सार्वजनिक सुट्टी संपूर्ण देशाला असते आणि ती चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी दिली जाते. कारण सोपे आहे: बहुतेक घरांत दीड दिवसाचा गणपती असतो आणि विसर्जनाला सगळ्यांना मोकळीक हवी असते. पश्चिमेकडील कास्कावेल हे गाव मराठी वस्तीसाठी ओळखले जाते. तेथे, तसेच वाक्वा, कात्र बोर्न आणि इतर गावांतही घरची आणि मंडळांची मूर्ती गाण्यांच्या साथीने नदीवर किंवा समुद्रावर नेली जाते. मिरवणुकीत मराठी नसलेले शेजारीही चालतात. पाहुण्याचे स्वागत होते, पण ही पर्यटकांसाठी मांडलेली मिरवणूक नव्हे, हे ध्यानात ठेवून आधी विचारून जावे, साधे कपडे घालावेत आणि आरतीच्या वेळी मोबाइल खिशात ठेवावा.

गुढीपाडव्याचा दिवसही सुट्टीचा असतो, मात्र ती सुट्टी तेलुगू समाजाच्या उगादीच्या नावाने असते. शिवजयंतीची आस्था अलीकडे अधिक दिसते; एप्रिल 2023 मध्ये मोका येथे शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचे अनावरण झाले.

"मी हिंदू नाही, मराठी आहे" असे तेथील माणूस का म्हणतो?

हे वाक्य ऐकून आपल्याकडचे लोक गोंधळतात. मॉरिशसच्या रोजच्या बोलण्यात "हिंदू" या शब्दाने बहुधा भोजपुरी-हिंदी परंपरेतील समाज सुचवला जातो. तमिळ, तेलुगू आणि मराठी हे आपापल्या नावांनी ओळखले जातात. धर्म तोच असला तरी देवळे, मंडळे आणि संस्था वेगवेगळ्या आहेत. लहान समाजाला आपले वेगळेपण टिकवायचे असेल तर वेगळे नाव लागते, एवढाच त्याचा अर्थ. देशाच्या लोकसंख्येत हिंदू निम्म्याच्या जवळपास, ख्रिस्ती सुमारे एक तृतीयांश आणि मुस्लिम सुमारे सहावा हिस्सा आहेत. चिनी वंशाचा लहान समाजही आहे. चिनी वसंतोत्सव, ईद, नाताळ, तमिळांची थायपूसम कावडी आणि दिवाळी या सगळ्यांच्या सुट्ट्या सगळ्यांना मिळतात.

खाण्याचे काय? शाकाहारी माणसाची सोय होते का?

चांगली होते, फक्त हॉटेलच्या बाहेर पडावे लागते. देशाचे खरे खाणे रस्त्याच्या कडेला काचेच्या पेटीत झाकून ठेवलेले असते. त्यातला मुख्य पदार्थ म्हणजे दालपुरी, जिला तेथे धोलपुरी म्हणतात. वाटाण्याची पिवळी डाळ शिजवून, वाटून, पोळीच्या आत भरून ती लाटली जाते. पुरणपोळी करणाऱ्या कोणत्याही बाईला ती हातोटी पाहताक्षणी ओळखू येईल, फक्त येथे गुळाऐवजी हळद आणि जिरे आहे. ती नेहमी जोडीने मिळते. दोन मऊ पोळ्यांवर पांढऱ्या घेवड्याच्या दाण्यांची आमटी, टोमॅटोची रुगाय नावाची दाट चटणी, लोणचे आणि हवी असल्यास वाटलेली मिरची घालून कागदात गुंडाळून देतात. ती उभ्याने, गरम असतानाच खावी.

न्याहारीला गातो पिमा म्हणजे हिरव्या मिरचीचे छोटे डाळवडे लोणी लावलेल्या पावात घालून खाल्ले जातात. आपल्या वडापावाचा हा दूरचा भाऊ मानायला हरकत नाही. फराटा म्हणजे पराठा. आलूदा हे सब्जा आणि दूध घातलेले पेय फालुद्याच्या कुळातले आहे. हिंदू लग्नांत केळीच्या पानावर सात भाज्यांचे जेवण वाढतात. मंडईत गेल्यास वांग्याला ब्रेंझेल, भेंडीला लालो, कारल्याला मार्गोझ, दोडक्याला पिपांगाय आणि शेवग्याच्या पाल्याला ब्रेद मुरुम म्हणतात, हे ऐकताना एकेका शब्दामागचा प्रवास जाणवतो. चिनी पद्धतीच्या नूडल्समध्ये मात्र अंडे किंवा शिंपल्यांचा सॉस असू शकतो. "मो पा मांझ लाव्यान" म्हणजे "मी मांस खात नाही" असे सांगून शिवाय घटक विचारावेत.

गंगा तलावाला केव्हा जावे?

दक्षिणेकडील पठारावर ज्वालामुखीच्या मुखात साठलेले हे तळे आहे. 1972 मध्ये भारतातून आणलेले गंगाजल त्यात मिसळले गेले. काठावर शंकराची 108 फुटांची मूर्ती आहे. महाशिवरात्रीच्या आधी देशभरातून पांढऱ्या वेषातील यात्रेकरू सजवलेल्या कावडी घेऊन पायी येतात आणि वाटेत सर्व धर्मांचे लोक त्यांना पाणी आणि फळे देतात. वारी पाहिलेल्या माणसाला ते दृश्य परके वाटणार नाही. एरवी सकाळी लवकर गेल्यास धुके आणि शांतता मिळते.

सेगा म्हणजे काय?

सेगा हे गुलामांच्या वस्त्यांत जन्मलेले गाणे आणि नृत्य आहे. बकऱ्याचे कातडे ताणून केलेला रावान हा चपटा ढोल, बियांनी भरलेले मारावान आणि लोखंडी त्रिकोण ही त्याची वाद्ये. वाजवण्यापूर्वी रावान आगीवर शेकून ताणला जातो. युनेस्कोने पारंपरिक सेगाला 2014 मध्ये आणि भोजपुरी स्त्रियांच्या गीत-गवईला 2016 मध्ये अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. हॉटेलातील रंगीत घागऱ्यांचा कार्यक्रम ही त्याची एक आवृत्ती आहे. किनाऱ्यावर रविवारी सहलीला आलेल्या कुटुंबांनी धरलेला ठेका त्याहून अस्सल असतो.

फिरण्यासाठी गाडी भाड्याने घ्यावी का?

वाहने आपल्यासारखीच डावीकडून चालतात, त्यामुळे अडचण येत नाही. तरी एखादा दिवस बसने फिरावे, असे मी आग्रहाने सांगेन. पोर्ट लुईपासून रोझ हिल, कात्र बोर्न, वाक्वा या गावांमधून क्युरपीपपर्यंत जाणारी मेट्रो भारताच्या साहाय्याने उभारली गेली असून तिचा पहिला टप्पा जानेवारी 2020 मध्ये सुरू झाला. बस संध्याकाळी लवकर कमी होतात, हे लक्षात ठेवावे.

पैसे कसे न्यावेत?

मॉरिशसचा रुपया भारतीय रुपयापेक्षा महाग आहे, त्यामुळे किंमत ऐकताना मनात जवळजवळ दुप्पट करावी. फेब्रुवारी 2024 पासून तेथे यूपीआय आणि रुपे कार्डाची सोय सुरू झाली आहे, पण दालपुरीवाला आणि मंडई यांच्यासाठी रोख हवीच.

समुद्र सुरक्षित आहे का?

बेटाभोवती बहुतेक ठिकाणी प्रवाळांची भिंत आहे आणि तिच्या आतले पाणी शांत असते. दक्षिणेला ग्री-ग्रीसारख्या ठिकाणी ही भिंत नाही. तेथे लाटा थेट कड्यावर आपटतात आणि पाण्यात उतरणे धोक्याचे आहे. तळाशी काटेरी समुद्री साळी (सी अर्चिन) आणि विषारी दगडमासा असू शकतो, म्हणून पायांत रबरी बूट घालावेत. प्रवाळावर उभे राहू नये आणि ते तोडून आणू नये. जुलै 2020 मध्ये आग्नेय किनाऱ्याजवळ एक मालवाहू जहाज प्रवाळावर चढले आणि त्यातून तेल सांडले, तेव्हा हजारो सामान्य लोकांनी उसाचा पाचोळा कापडात भरून तेल अडवण्यासाठी तरंगते बांध तयार केले होते. आपला समुद्र त्यांना किती प्रिय आहे, हे त्यावरून समजावे.

मुक्कामात चक्रीवादळ आले तर?

हवामान खाते चार श्रेणींत इशारे देते. चौथी श्रेणी म्हणजे ताशी 120 किलोमीटर वेगाचे वारे नोंदवले गेले आहेत आणि ते चालू राहण्याचा संभव आहे. त्या वेळी कोणीही बाहेर पडत नाही. 1960 मधील कॅरोल वादळाने हजारो घरे जमीनदोस्त केली, आणि त्यानंतर गावोगावी सपाट छपरांची काँक्रीटची घरे उभी राहिली. पर्यटकाने हॉटेलच्या सूचना पाळाव्यात आणि समुद्र पाहायला जाऊ नये.

सोबत काय नेऊ नये?

फळे, बिया आणि रोपे परवान्याशिवाय नेता येत नाहीत. आंबे घेऊन जाण्याचा मोह आवरावा. ई-सिगारेटवर बंदी आहे. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह न्यावीत.

मॉरिशसमधील कोणी आपल्या पूर्वजांचे गाव शोधण्यासाठी मदत मागितली तर काय करावे?

जमेल तेवढी मदत जरूर करावी. महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या नोंदवह्या जपलेल्या आहेत. त्यांत अनेकांचा क्रमांक, जहाज, वडिलांचे नाव, जात, जिल्हा आणि गाव लिहिलेले असते. काहींची छायाचित्रेही आहेत. वंशजांच्या हाती त्या नोंदीचा उतारा येतो, पण इंग्रज कारकुनाच्या स्पेलिंगवरून गाव ओळखणे त्यांना अशक्य असते. तेथे आपण उपयोगी पडू शकतो. ते नाव दोन-तीन प्रकारे मोठ्याने उच्चारून पाहावे. ट आणि त, ड आणि द, ण आणि न यांची अदलाबदल करावी. शेवटचा स्वर बदलून पाहावा. नोंदीत रत्नागिरी असले तरी शोध तेवढ्यावर थांबवू नये, कारण सिंधुदुर्ग जिल्हा 1981 मध्ये वेगळा झाला आणि मालवण, देवगडकडची गावेही त्या काळी रत्नागिरीतच मोडत होती. सावंतवाडी संस्थान वेगळे होते, हेही ध्यानात असावे. एकाच नावाची चार गावे सापडली तर चारही कळवावीत आणि खात्री नसताना एकावर बोट ठेवू नये. गाव पक्के झाले आणि आपले कोकणात जाणे झाले, तर ग्रामदेवतेच्या देवळाचे, पाणवठ्याचे आणि गावात शिरणाऱ्या रस्त्याचे फोटो काढून पाठवावेत; तिकडच्या घरी बहुधा हेच आधी विचारले जाते.